मंजिरीची दोन मतं

सोमवार, ७ जुलै
आठवी ब ला निवडणुकीचा धडा आला. नुसता वाचून दाखवायचा कंटाळा आला. म्हटलं, घेऊच खरीखुरी. अर्ज, प्रचार, गुप्त मतदान, सगळं. निवडून येईल तो वर्गाचा प्रतिनिधी. चार वेळा निवडणुकीची ड्यूटी केली आहे, तेवढं तरी मला येतं. फळ्यावर नियम लिहीत होते तर मागून ध्रुविल, "बेन, गुजराती पर छत केम?" वर्ग खदखदून हसला. गुजराती शाळेत एकोणीस वर्षं झाली, तरी हात मराठीच. गुजराती अक्षरांना डोक्यावर रेघ नसते, माझ्याकडून मात्र त्यांच्यावरही आडवी रेघ ओढली जाते. पुसली.

मंगळवार, ८ जुलै
ध्रुविल आणि हेत उभे राहिले. मुलगी एकही नाही. मधल्या सुट्टीत मंजिरी शिर्केला बाजूला घेतलं. घरी मराठी, लहरीपुऱ्यात राहते, वर्गात तोंड उघडत नाही. मुलींच्या बाथरूमची कडी तुटली आहे हे तिनेच मला गेल्या महिन्यात हळूच सांगितलं होतं. मुली दिवसभर पाणी पीत नाहीत. गेलं तर दुसरीने दार धरायचं. ऑफिसात दोनदा सांगून झालं, ढिम्म कोणी हलत नाही.
म्हटलं, "उभी राहा. हेच बोल."
"नको बेन, सगळे हसतील."
"हसू देत. मी आहे ना."
मी आहे ना! फार सहज बोलून गेले.

बुधवार, ९ जुलै
मं.चा अर्ज आला. सूचक तिच्या बाकावरची जिनल. ध्रुविलचा प्रचार जोरात. पी.टी.चे तास दुप्पट, शनिवारी दप्तर बंद. कुठून देणार, कोणी विचारत नाही. मं.ने एकच कागद लावला, कडीचं चित्र काढलेला. दुपारपर्यंत कोणीतरी फाडला.

शुक्रवार, ११ जुलै
भाषणं. मं. उभी राहिली आणि बोलली. "आपण बाथरूममध्ये जातो तेव्हा दार कोण धरतं?" असं गुजरातीत सरळ विचारलं. मुलगे फिदीफिदी हसले. त्याचं काही नाही. मुलींनी माना खाली घातल्या. जिनलने तर बाकावर डोकं ठेवलं. चारचौघांत हा विषय काढल्याची त्यांना लाज वाटली, आणि ती लाज मं.च्या अंगावर आली. भाषण संपल्यावर मीच एकटीने टाळ्या वाजवल्या. एकटीच्या टाळ्या किती वाईट ऐकू येतात.

शनिवार, १२ जुलै
मतदान. झेरॉक्स मशीन बंद, म्हणून छापील मतपत्रिका नाहीत. वहीचे कागद फाडून म्हटलं, उमेदवाराचं नाव लिहा, घडी घाला, डब्यात टाका. छत्तीस हजर, छत्तीस चिठ्ठ्या. स्टाफरूममध्ये एकटीने उघडल्या आणि चूक लक्षात आली. मला यांच्यातल्या प्रत्येकाचं अक्षर ओळखू येतं. गुप्त कसलं डोंबलाचं!
ध्रुविल २२, हेत १४. मं. शून्य.
जिनलच्या गोल गोल अक्षरात ध्रुविल. मं.च्या स्वतःच्या अक्षरातही ध्रुविल. आपलंच नाव आपण कसं लिहायचं, हा आमच्या घरांतला शहाणपणा. मीही तिच्या वयाची असते तर तेच केलं असतं.
ध्रुविलच्या दोन चिठ्ठ्या पर्समध्ये टाकल्या. दोन कोऱ्या घेऊन गुजरातीत मंजिरी लिहिलं. २०, १४, २. वर्गात जाऊन वाचून दाखवलं. चार ड्यूट्यांत एक कागद इकडचा तिकडे झाला नाही माझ्याकडून.
शून्य वाचायला जीभ वळेना, एवढंच खरं. चिठ्ठ्या पाकिटात, पाकिटावर सही. सवय.

सोमवार, १४ जुलै
मं. फाटकापाशीच थांबली होती. "बेन, दोन! दोन जणी आहेत माझ्याबरोबर." चेहरा असा उजळला होता की मला बघवेना. त्या बळावर अर्ज लिहून प्रिन्सिपलबेनकडे गेली. त्या म्हणाल्या, एकटीची तक्रार का घेऊ, सह्या आण.

मंगळवार, १५ जुलै
सह्या मिळाल्या. जिनल, क्रिशा, दिया. आता हरलेल्या मुलीजवळ बसायला त्यांना लाज वाटत नाही. मलाच कळेना, रागवू की आनंद मानू.

गुरुवार, १७ जुलै
कडी बसली. पितळी, नवी. मुली उगाचच जाऊन लावून बघत होत्या. खोट्या दोन मतांवर बसलेली खरी कडी. घरी आल्यावर आईला सगळं सांगितलं. शेंगा सोलता सोलता म्हणाली, "झालं ना पोरीचं काम? मग आता उकरू नको." बरं वाटलं. संध्याकाळपर्यंतच.

शनिवार, १९ जुलै
मं. शाळा सुटल्यावर आली.
"बेन, जिनल म्हणते मी तुलाच मत दिलं. क्रिशा पण तेच म्हणते. दिया पण."
"मग?"
"मग तीन व्हायला पाहिजेत ने. माझं एक मत दुसऱ्याच्या गठ्ठ्यात गेलं असेल. तुम्हीच शिकवलं, उमेदवार फेरमोजणी मागू शकतो."
संशय नावाला नाही. बेनची मोजणीत चूक झाली असेल, इतकंच. मी म्हटलं, सोमवारी.

रविवार, २० जुलै
दिवसभर पाकीट समोर. तिसरी चिठ्ठी लिहून टाकावी, असं दोनदा मनात आलं. पेनही उघडलं. मग पाकीट फोडून माझ्या दोन चिठ्ठ्या पहिल्यांदा नीट पाहिल्या. दोन्ही नावांवर रेघ. ठसठशीत, या टोकापासून त्या टोकापर्यंत. अख्ख्या वर्गात असं एकच माणूस लिहितं.
खरं सांगितलं तर तिघी मैत्रिणी खोट्या पडतात, मी पडते, आणि तिला कळतं की तिच्या बाजूने कोणीच नव्हतं. नाही सांगितलं तर पुन्हा कधी मतदानाचा धडा कुठल्या तोंडाने शिकवू? ध्रुविलच्या दोन्ही चिठ्ठ्या पर्समध्ये अजून आहेत. त्या फाडायचाही धीर झालेला नाही.

सोमवार, २१ जुलै
मधली सुट्टी. वर्गातच बसून लिहिते आहे. सकाळी फळ्यावर तारीख लिहिली, वर रेघ गेली. पुसायला हात उचलला, तेवढ्यात मं.कडे लक्ष गेलं. खाली मान घालून वहीत तारीख उतरवत होती. मग पुसली नाही.
पाकीट टेबलावर. त्याच्या शेजारी पर्समधल्या त्या दोन चिठ्ठ्या काढून ठेवल्या आहेत. परत आत टाकायला अजून वेळ आहे.
मं. दारात आली आहे. एकटी नाही. जिनल, क्रिशा, दिया तिच्या मागे, एकमेकींचे हात धरून, चेहरे उतरलेले. "बेन, साक्षीदार लागतात ने मोजणीला? आणले."
नियम माझाच. म्हटलं, आत या, दार लावून घ्या.