सरांचे चिमटे

३ फेब्रुवारी
हे गेल्यावरचं पुण्यानुमोदन होऊन आठवडा झाला. पाहुणे गेले. सोनपेठच्या या घरात आता मी एकटी. दीर जाताना म्हणाले, "वहिनी, रविवारी गाडी घेऊन येतो. घराला कुलूप लावू. परभणीला आमच्याकडं चला."
ह्यांचा निळा शर्ट अजून अंगणातल्या दोरीवर. हे गेले त्या सकाळी मीच वाळत घातला होता. काढवत नाही.

४ फेब्रु.
दुपारी ह्यांच्या इंग्रजीच्या क्लासमधल्या मुली आल्या. दहावीच्या. नुसत्या बसल्या. चहा केला. शेवटी वैशाली म्हणाली,
"काकू, पेपर जवळ आलाय. वाक्यं जोडायचा धडा निम्माच झालाय. तुमी घ्या ना."
"मला कुठं येतंय गं?"
"तुमी बीए झालात की."
"मराठी घेऊन."
"मग काय झालं? सरबी मराठीतच रागवायचे!"
सगळ्या हसल्या.

५ फेब्रु.
कपाटातून चिमट्यांचा डबा काढला. ह्यांची पद्धत. कागदावर एकेक वाक्य, अन् कपड्यांच्या चिमट्यांवर शाईनं अँड, बट, बिकॉज, ऑलदो. योग्य चिमट्यानं दोन कागद जोडून दोरीला टांगायचे. क्लास सुटला की त्याच चिमट्यांनी माझं धुणं. मी म्हणायची, तुमचं इंग्रजी माझ्या साड्यांना पण कळायला लागलं.
स्वाध्याय सोडवून बघितला. ऑलदोच्या मागून बट लिहून बसले. जरी म्हटलं की हात तरी शोधतो. हे असते तर…

७ फेब्रु., शनि.
क्लास घेतला.
वैशालीनं पण माझ्यासारखंच केलं, एका जोडाला ऑलदो अन् बट दोन्ही. दीपा म्हणाली, "काढ एक. सर काय म्हणायचे? एक धरायलाय ना, मग दुसरा कशाला?"
मग बिकॉजचा चिमटा सापडेना. डबा उलटा केला. मुलींची नजर शर्टाकडं गेली. मी म्हटलं, "आजच्यापुरतं हातानं धरा." दोघी वाऱ्यात कागद धरून उभ्या राहिल्या.
संध्याकाळी दीरांचा फोन. म्हटलं, मुलींचा पेपर होऊ द्या.
"वहिनी, तुम्ही इंग्रजी शिकवणार?"
मी चिमटे मोजून डब्यात टाकत राहिले.
"गाडी सांगून ठेवलीय. येतो. समोरासमोर बोलू."

८ फेब्रु., रवि.
परभणीला न्यायची पिशवी भरली नाही. तिची घडी पण मोडली नाही, कोपऱ्यात तशीच आहे.
गाडीच्या आधी मुली आल्या. मी दोरीपाशी गेले. शर्टाच्या उजव्या खांद्यावरचा चिमटा काढून वैशालीच्या हातात दिला. तिनं बोटानं धूळ पुसली. बिकॉज. दोन कागद जोडले, मोठ्यानं वाचलं. बरोबर होतं.
शर्ट एका खांद्यावर लोंबायला लागला. पडला नाही.
बाहेर हॉर्न वाजला. मुली माझ्याकडं बघायला लागल्या.
म्हटलं, पुढचं वाक्य घ्या.