घंटेआधीचे सात सेकंद

सोमवार, ४ मार्च

आजच्या वादाचा खर्च: अकरा कप चहा, स्टुलाचा एक पाय, आणि सलूनवाला व टेलर यांची तीस वर्षांची मैत्री. मैत्री उद्या सकाळपर्यंत जुळेल, स्टूल जुळणार नाही. माझ्या बाजूने एक खोटं. जुनंच, पुन्हा वापरलं.

वाद नेहमीचा. हातोडा आणि बोका समोरासमोर आले असते तर? आले नाहीत कधी. हातोडा रिंग सोडून घरी बसला आणि आठ महिन्यांनी बोका चँपियन झाला. वजन तेच, पट्टा तोच. मधल्या आठ महिन्यांवर डोकं आपटत माझ्या घड्याळाच्या दुकानात माणसं म्हातारी झाली.

"बोका हाताला लागेल तेव्हा ना!" सलूनवाला म्हणाला. "तुझा हातोडा हवेत खिळे ठोकत बसेल."

"बसू दे की! अडीच मिनिटं बसेल. मग एकच ठोसा. पंचाचं 'दहा' आणि घंटा — मागोमाग!" हा टेलर. हुकमाचा पत्ता. हा पडला की सलूनवाला गप्प.

आणि पत्ता खरा. हातोडा फेरीभर मार खायचा, खेळवायचा, आणि घंटा तोंडावर आली की सुटायचा. एकतीस लढती, हार एकही नाही. त्यातले चौदा गडी असे गेले — पंच दहा मोजतो न मोजतो तोच घंटा. लोक म्हणायचे, ह्याच्या डोक्यात घड्याळ आहे.

मग सगळ्यांच्या माना माझ्याकडे. कारण त्या नऊ वर्षांची घंटा माझ्या हातात. रिंगखाली टेबल, टेबलावर पितळी घंटा, डाव्या मुठीत स्टॉपवॉच. तीन मिनिटं झाली की हाण! "घंटेवाले, तुम्ही सांगा."

मी छाती काढून सांगितलं — "हातोडा. आठव्या फेरीत. आणि माझ्या सेकंदात केसाचाही फरक नसतो, लिहून ठेवा!"

टाळ्या! आणखी चहा!

हार एकही नाही म्हणे. ती का नाही, हे मला माहीत आहे.

मंगळवार, ५ मार्च

बेकरीतून दोन पाव आणले. एकाचीही गरज नव्हती. ही नुसती डब्याकडे बघत राहिली.

बुधवार, ६ मार्च

व्यायामशाळेचा सेक्रेटरी आला. रविवारी चारला हातोड्याचा फोटो लावणार. मग जाहीर वाद — हातोडा की बोका — आणि निकाल द्यायला मी. वर म्हणतो, "एक गंमत सापडलीय!" खिशातून कॅसेट काढली. हातोड्याच्या शेवटच्या लढतीचं रेडिओवरचं समालोचन, पहिल्या घंटेपासून शेवटच्या घंटेपर्यंत. लाउडस्पीकरवर लावणार! "चालते का तेवढी बघून ठेवा."

कॅसेट काउंटरवर ठेवून गेला. मी तिच्यावर फडकं टाकलं. जसं काही ती बघते आहे.

आजवर कुठेच लिहिलं नव्हतं. आज लिहितो.

ती लढत बेकरीवाल्याशी. तेव्हा तो नुसता पिठाची पोती वाहायचा. सहाव्या फेरीत त्याचा डावा बसला आणि हातोडा तोंडावर पडला. पहिल्यांदाच! पंच मोजू लागला. माझे कान आधीपासून तिखट. त्या आरडाओरड्यातही मला हातोड्याचा श्वास ऐकू येत होता. तुटक. हा माणूस दहापर्यंत उठत नाही, हे मला कळलं. दुसऱ्या रांगेत त्याची बहीण तोंड झाकून बसलेली. आमचं लग्न ठरून महिना झाला होता.

पंच म्हणाला, "सहा." माझ्या मुठीत दोन मिनिटं त्रेपन्न सेकंद. मी घंटा हाणली.

आमच्या नियमात घंटा झाली की मोजणी बंद. हातोड्याला ओढत कोपऱ्यात नेलं, पाणी मारलं. सातव्या फेरीत त्याने बेकरीवाल्याला आडवं केलं — पंचाचं दहा, लगेच माझी घंटा. नेहमीसारखं. कोणाला काही कळलं नाही. बेकरीवाल्याला पुन्हा कोणी रिंगमध्ये बोलावलं नाही. हातोडा अपराजित राहून घरी बसला, आणि त्या बक्षिसातून त्याने बहिणीच्या नवऱ्याला दुकानाचा गाळा घेऊन दिला.

आणि मी सांगत फिरतो, शून्यातून वर आलो!

गुरुवार, ७ मार्च

दादा दुकानात येऊन बसले. हातोडा म्हणजे घरात दादाच. आता कप दोन्ही हातांनी धरावा लागतो, तरी बशीत सांडतोच.

"काय जावईबापू, रविवारी कोणाला जिंकवणार?"

"तुम्हालाच, दादा."

हसले. "बोका मला सापडला नसता हो. फार चपळ. पण तुमची घंटा असती तर काय सांगावं! तुमची घंटा म्हणजे आई माझी. वेळेला धावून यायची."

ठाऊक आहे यांना? का सहज बोलले? डोळ्यांत बघायचं धाडस झालं नाही. एक चालू घड्याळ उघडून बसलो. पाऊण तास!

शुक्रवार, ८ मार्च

सांगून टाकलं.

सकाळी गेलो तेव्हा बेकरीवाला कोपरापर्यंत पिठात. "ये रे. दोनच ना?"

मी म्हटलं, पाव नको. आणि उभ्या उभ्या सगळं ओकलो. मध्ये थांबलो असतो तर पळालो असतो.

तो मळत राहिला. मग हात थांबले.

"किती सेकंद?"

"सात."

"सहा मोजून झाले होते. चार बाकी." बोटांवर पुन्हा मोजले. पिठाची बोटं. "म्हणजे जिंकलो होतो मी."

"हो."

"एकतीस वर्षं बायकोला सांगतोय, हातोड्याला मी पाडला होता, घंटेने वाचला तो. ती म्हणते, हो तर, आणि मी चंद्रावर धुणं वाळत घालून आले!"

मला हसूही येईना, रडूही येईना.

"आणि हे रोजचे दोन पाव... त्यापायी?"

मान हलवली.

"मला वाटायचं तुमच्याकडे कुत्रं आहे."

शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. तो हात पुसत बाहेर आला. वयाने माझ्याएवढाच, पण अजून खांदा दारात मावत नाही. म्हणाला, "मला काही नको. रविवारी तेवढं माइकवर सांग. तिला मी पहिल्या रांगेत बसवतो."

सांगेन म्हटलं. हात दिला.

घरी येऊन हिला सांगितलं. भावाची एकमेव अपराजित गोष्ट मी जाहीर मोडणार, आधी हिला कळायला हवं. ही म्हणाली, "अहो, दादाला मी सांगते. तुमच्या तोंडून नको." भांडली नाही. तेच लागलं.

शनिवार, ९ मार्च

दुपारी कॅसेट लावली. माइकवर बोलायचं तर आकडा चोख हवा. दुकानातलं नवं, बॅटरीवरचं घड्याळ समोर ठेवलं. घंटेपासून घंटेपर्यंत मोजलं.

पहिली फेरी तीन मिनिटं सात सेकंद. दुसरी तेवढीच. तिसरी, चौथी, पाचवी — तीन सात, तीन सात, तीन सात. सहावी बरोबर तीन मिनिटं. सातवी पुन्हा तीन सात.

म्हणजे टेप हळू चालते. प्रत्येक फेरी सात सेकंद ताणली जाते, आणि माझी सहावी तेवढीच कमी. गुन्हा सिद्ध. आता कागदावरही.

पण कानाला खटकतंय. टेप ताणली की आवाज जड होतो, ओढला जातो. समालोचकाचा आवाज ओढलेला नाही. नऊ वर्षं माझ्या शेजारच्या टेबलावर बसायचा तो. हा त्याचाच आवाज. जसाच्या तसा.

रविवार, १० मार्च, सकाळ

ट्रंकेतून ते स्टॉपवॉच काढलं. उघडून धुतलं, नवं तेल दिलं, बॅटरीच्या घड्याळाशेजारी पाच वेळा चालवलं. पाचही वेळा तीन मिनिटांत सात सेकंद मागे. भिंग लावून आत पाहिलं. केसासारखी बारीक स्प्रिंग या घड्याळाची नाहीच — दुसऱ्या घड्याळाची आहे. मीच बसवलेली, शिकाऊ होतो तेव्हा. यंत्रावर तपासली नव्हती. कानानेच जुळवली होती.

टेप बरोबर होती; माझ्या मुठीतली दोन त्रेपन्न म्हणजे खरी तीन मिनिटं. म्हणजे सहाव्या फेरीत बेकरीवाल्यावर अन्याय झाला नाही. सातव्या फेरीत झाला. पंच "तीन" म्हणाला तेव्हाच घंटा व्हायला हवी होती. तो दहा मोजेपर्यंत मी इमानदारीने थांबलो. त्याच्याआधी आणखी तेरा जण असेच गेले.

नऊ वर्षांत माझी एकच घंटा वेळेवर वाजली. लबाडीची होती ती.