शिक्षा न झालेल्या माणसाचे कपडे

आई, काल माझ्या ऑफिसात एक बाई आली होती. सीमेवर लढाई पेटली त्या आठवड्यात तिच्या नवऱ्याला घरातून उचललं. अजून खटला नाही की आरोपपत्र नाही. मी तिला कलमं समजावत बसले, तर ती मधेच म्हणाली, "मॅडम, उनों मुजरिम हैं क्या? बच्चे पूछे तो मैं क्या बोलूँ?" वकिली करता करता केस पिकले माझे, पण तिला उत्तर द्यायला मला तू आठवावी लागलीस.

नारायणगुड्याचं आपलं स्वयंपाकघर. तू भाताची पेज गाळून तिची खळ करतेस, बाबांचे पांढरे सदरे-पायजमे तिच्यात बुडवतेस आणि वाळले की कोळशाची इस्त्री फिरवत राहतेस, जणू बाबा उद्या सकाळी शाळेत शिकवायला जाणार आहेत. बाबा तर तुरुंगात. निजामाच्या काळात उर्दूत शिकलेला माणूस, कराचीला गेलेल्या वर्गमित्राला वर्षानुवर्षं उर्दूत पत्रं लिहायचा. युद्ध सुरू झालं आणि तेवढंच पुरलं. चोराला निदान सुटकेची तारीख असते. बाबांना शिक्षाच झाली नव्हती, मग तारीख कुठली? आरोपी नाहीत, गुन्हेगार नाहीत, युद्धकैदीही नाहीत. अशा माणसाला कायद्यात स्थानबद्ध म्हणतात, आणि त्याला घरचे कपडे घालायची मुभा होती. तेवढी एकच फट उघडी होती. ती तू बुजू दिली नाहीस.

एकदा तुरुंगाच्या फाटकावर नवा शिपाई होता. "ये सब नक्को अम्मा, अंदर जेल का कपडा है." तू कपड्यांचं गठडं मांडीवर घेऊन तिथेच जमिनीवर बसलीस. "सजा हुई तो कागद बताओ. नहीं हुई तो कपडे लेव." तुझं दखनी ऐकून मी एरवी हसायचे, त्या दिवशी नाही हसले. ऊन उतरायला लागलं तेव्हा कुठे गठडं आत गेलं.

आणि मग तो दिवस. अधिकाऱ्याने तुला बाजूला घेतलं. शत्रूला माहिती पुरवली, चूक झाली, माफी असावी, एवढ्यावर बाबांनी सही केली तर संध्याकाळी घरी. "समझाओ उनको, बाईजी." बाबा जाळीपलीकडे आले. किती वाळले होते! खोकल्याने धड उभंही राहवत नव्हतं त्यांना. मी शाळकरी पोर, मनातल्या मनात नवस बोलत होते की सही होऊ दे. बाबा तुला म्हणाले, "मी थकलोय गं. तू म्हणशील तसं करतो."

तू पदर सारखा केलास, गठडं पुढे सरकवलंस आणि म्हणालीस, "अहो, आत स्वेटर ठेवलाय. थंडी वाढणार आहे."

बाबा तुझ्याकडे बघत राहिले. मग हसले, आणि त्या हसण्यानेच त्यांना पुन्हा खोकल्याची उबळ आली. घरी आल्यावर पाटावर बसून ढसाढसा रडलीस आणि मग उठून भात चढवलास, कारण पेज हवी होती.

बाबा उन्हाळ्यात सुटले. आत घेताना कुणी कारण सांगितलं नव्हतं, सोडतानाही नाही. कडक इस्त्रीच्या सदऱ्यात ते फाटकाबाहेर आले, अगदी मास्तरांसारखे. लढाईच्या दिवसांत अख्खं सरकार एका बाजूला आणि दुसऱ्या बाजूला खळ दिलेला सदरा घेऊन तू. एवढं बळ तुझ्यात आलं कुठून? आठवलं की मी अजून थक्क होते.

काल त्या बाईला मी म्हटलं, "मुजरिम नहीं हैं. घर के कपडे भेजो, इस्त्री करके." ती डोळे पुसत उठली. दाराशी थांबून म्हणाली, "और दस्तखत माँगे तो?" कायद्याने काय होईल ते मी तिला सांगितलं, पुढचं तुम्ही दोघं ठरवा म्हणाले.

हे पत्र कुठे पाठवू, जग सोडताना तू पत्ता ठेवला नाहीस. म्हणून तिला जे सांगितलं नाही ते इथे लिहिते. माझा माणूस जाळीपलीकडे तसा खोकत असता, तर मी सही करा म्हटलं असतं.