फोटोत उरलेला हात

लातूर,
२६ ऑगस्ट १९८२

ती. अक्कास,
सिद्धूचे शरणार्थ.

आम्ही सगळे बरे आहोत. दाजींचा गुडघा कसा आहे? तुमच्या देगलूरकडं पाऊस झाला का? इकडं नुसती भुरभुर आहे, मूग गेल्यातच जमा. लातूर जिल्हा झाल्याचा थाट तर तू पाहूनच गेलीस. कमानी अजून उतरवल्या नाहीत. आता कागदपत्रांसाठी उस्मानाबादची एसटी धरायला नको, एवढ्यावरच लोक खूश आहेत.

तू न जेवता गेलीस. लक्ष्मीनं तुझ्यासाठी पुरण घातलं होतं. "वन्संनी काही मनावर घेतलं का?" असं ती सारखी विचारत होती. मी सांगितलं, गाडी चुकली असती. गाडी संध्याकाळची होती हे तुलाही माहीत आहे.

फोटोचं सांगतो. प्रदर्शनासाठी फोटो मोठा करावा लागतो, मोठा करताना कडा जातात. तू डाव्या कडेला होतीस. असं होतं कधी कधी.

वरचं खोडणार होतो. राहू दे. कडा आपोआप जात नाहीत, अक्का. ती कड मीच कापली.

जिल्ह्याच्या कार्यक्रमात माझे बहात्तरच्या दुष्काळाचे फोटो लावायचं ठरलं, तेव्हा मी जुन्या निगेटिव्ह काढून बसलो. बँकेत कारकुनी करणाऱ्याचे फोटो कोण चारचौघांत लावतो? मी हरखून गेलो आणि पहिलं कार्ड तुलाच टाकलं, तुझा फोटो लागतोय, नक्की ये म्हणून.

तुला आठवत असेल तो दिवस. पाझर तलावाच्या कामावर तुम्ही खडी फोडत होता. जमिनीवाल्या घरच्या बायका मुद्दाम शेजारच्या गावच्या कामावर जायच्या, ओळखीचं कुणी भेटू नये म्हणून. मी मित्राचा कॅमेरा घेऊन आलो तर साऱ्यांनी पदर तोंडावर ओढले. तू मात्र हातोडी उचलून हसलीस. "माझा काढ की रे! लई काळी पडले म्हणत्यात, मलाबी बघू दे." त्या सगळ्या ओळीत तुझं एकटीचंच तोंड दिसतं.

ते कापताना मी मनाशी म्हटलं, दुष्काळाच्या फोटोत हसणारी बाई शोभत नाही. मोठा कलावंतच लागून गेलो की नाही!

खरं कारण माझे सासरे. तुला कार्ड टाकल्यावर कळलं, मडिवाळप्पा आडतीवरची सगळी मंडळी घेऊन उद्घाटनाला येणार. माझं लग्न ठरताना आप्पांनी त्यांना सांगितलं होतं, बहात्तरातसुद्धा आमच्या घरातलं धान्याचं बळद रिकामं झालं नाही. मी शेजारी बसून मान डोलावली होती. बळदात तेव्हा उंदीरही राहिले नव्हते. तू कामावरून मिलोची लाल ज्वारी आणायचीस, आई भाकरी थापायची आणि आप्पा काही न विचारता जेवायचे. मीही जेवायचो आणि सुट्टी संपली की कॉलेजला निघून यायचो.

तू इरकल नेसून आलीस. शेजारच्या नागुबाईला बरोबर आणलंस, म्हणजे गल्लीभर सांगितलं असशील. मी साहेब लोकांच्या घोळक्यात होतो, पण लक्ष तुझ्याकडंच होतं. तू फोटोत स्वतःला शोधलंस. मग डाव्या कडेवर बोट ठेवलंस. तिथं हातोडी धरलेला एक हात तेवढा राहून गेला होता.

"ह्यो माझा हात हाय," तू म्हणालीस.

"हातावरनं काय कळतंय, माय?" नागुबाई हसली.

मी तिथंच होतो. एक शब्द बोललो असतो तरी नागुबाई गप्प झाली असती. मी मडिवाळप्पांना खुर्ची द्यायला गेलो. त्या क्षणाची मला फार लाज वाटते, अक्का.

परवा मी तो फोटो पुन्हा पुरता छापला आणि त्याच जागी लावला. खाली लिहिलं, 'माझी अक्का, तारामती'. काल सासरे आले. त्यांनी फोटोखालचं नाव वाचलं. म्हणाले, "बळदाचं तुमचे आप्पा येगळंच बोलले हुते."

"हाव. खोटं बोलले. मीबी," मी म्हणालो.

ते लेकीशीही न बोलता गेले. घरी सध्या अबोला आहे. पण याचं तुला काय? तू आलीस त्या दिवशी तो फोटो तिथं नव्हता, आणि तो दिवस काही मला परत लावता येत नाही.

लोक विचारतात, ही बाई हसतेय कशाला? मला सांगता येत नाही. इतक्या वर्षांत मी तुला कधी विचारलंच नाही.

रविवारी प्रदर्शन उतरेल. तुला ये म्हणायचं तोंड मला राहिलं नाही. सोमवारी मीच फोटो घेऊन देगलूरला येतो. आधी नागुबाईच्या दारात जाईन, तिला दाखवीन, मग तुझ्याकडं. दार उघडलंस तर आत येईन. नाही उघडलंस तर फोटो ओट्यावर, तोंड रस्त्याकडं करून ठेवीन. जाणारे-येणारे बघतील.

त्याच हातचं खाऊन वाढलेला,
सिद्धू