सुषमाचा पाय आणि क्लच

अमरावती, मंगळवार, संध्याकाळ

वादळांचे फोटो काढायला गाडी घ्यायची म्हणून आज सुषमाला घेऊन अकोल्याला गेलो. मोटारसायकल आता पुरे. वारा मोजायचं मीटर, तिपाई, दोन कॅमेरे, सगळं ओझं तिच्याच मांडीवर असायचं.

मी एक जुनी जीप मनात पक्की केली होती. उंच, कापडी टपाची, काळ्या मातीत सहसा न रुतणारी. सुषमा चालकाच्या जागी बसली आणि म्हणाली, "माहा पाय क्लचपर्यंत पोचत नाही."

"तुले कुठं चालवायची आहे?"

"मागच्या आठवड्यात भातकुलीजवळ बाजूच्या वावरात वीज पडली, तवा तुमचे हात किती वेळ कापत होते? गारा खात उभे रायलो आपण. मोटारसायकल मले येत नाही, पण मोटार येते न!"

तेही विकणाऱ्यासमोर! हात तर मी खिशात घातले होते. मग तिला दिसले कसे?

शेवटी छोटी, पत्र्याच्या छताची मोटार घेतली. चिखलात ती रुतणार, मला ठाऊक आहे. पण सुषमाचा पाय क्लचवर नीट बसतो. जीप अजून मनातून जात नाही, हेही खरं.

येताना सुषमानेच चालवली. लग्नाआधी शिकलेली, त्यामुळे गाडी दोनदा बंद पडली. बडनेऱ्याच्या अलीकडे उत्तरेला मोठा ढग उभा राहिला. मी म्हणालो, "थांबव, एक फोटो घेतो."

"आता कुठं जमून रायलं मले. काच खाली करा अन् काढा."

फोटो हललेला आला. तरी पुसला नाही.