नानांच्या नावाचं लॉगिन

नाना,

तुम्हाला मेल करायचा म्हटलं तरी तो माझ्याकडेच येईल, म्हणून कागदावर लिहितेय. रावेरच्या पेढीत केळीच्या गाड्यांचं काम कॉम्प्युटरवर घ्यायचं ठरलं, तेव्हा प्रत्येकाचा ईमेल मागितला होता. तुम्ही स्वयंपाकघरात पाटावर बसून कळण्याची भाकरी मोडत होता. मी म्हटलं, नाना, तुमचा नवा काढून देते, काही वेळ लागत नाही. तर तुम्ही म्हणालात, "घरात एक आहे ना? मग दुसरा कशाला?" जसं काही ईमेल म्हणजे कुकरच! आई हसली, मीही हसले, आणि मी माझाच पत्ता टाकून दिला. तुमचं, म्हणजे मुनीमजींचं खातं, पेढीतलं सगळ्यात जास्त अधिकारांचं, असं माझ्या पत्त्यावर उघडलं.

तुमचा दुसरा हट्ट म्हणजे गादी. मुनीम जेवायला उठला तरी गादी रिकामी ठेवायची नाही, कुणाला तरी बसवून जायचं. शाळेत असताना एकदा मला बसवून गेलात आणि मी पाणी प्यायला उठले, तर हमालांसमोर केवढ्याने ओरडलात, "गादी उघडी टाकून उठतात का?" गादीला काय पाय फुटणार होते, नाना? मला अजून राग येतो. पण तुम्ही गेलात आणि शेठनी, म्हणजे आपल्या भाऊंनी, तुमचाच नियम मला लावला. तेरावं झाल्यावर घरी येऊन म्हणाले, नानांची मुलगी कॉम्प्युटर शिकलेली आहे, माणूस मिळेपर्यंत बसू द्या. तो माणूस अजून मिळतोच आहे. मी चार दिवसांची पाहुणी, म्हणून माझ्या नावाचं खातं कुणी उघडलंच नाही. मी तुमच्याच नावाने आत शिरायचे.

मी एकटीच नाही. यावलला केळीच्या कटाईची नोंद चुकली, धुळ्याला काट्यावरचं वजन दुरुस्त करायचं झालं, की सगळे "नानांच्या नावाने टाका" म्हणायचे, कारण सगळं उघडणारं खातं तेच. पासवर्ड प्रत्येक शाखेत तोंडपाठ. धुळ्याच्या नव्या कारकुनाला तर वाटायचं, जळगावच्या हेड ऑफिसात नाना नावाचे कुणी कडक साहेब बसतात. त्याने तुम्हाला दिवाळीच्या शुभेच्छा पाठवल्या. मला आल्या. मी तुमच्या वतीने उत्तरही दिलं.

यंदा भाऊंनी ठरवलं की दहा ठिकाणी दहा पासवर्ड नकोत. कंपनीच्या एका खात्यातून सकाळी एकदा आत शिरलं, की मेल, हजेरी, गाड्यांचं ॲप, सगळं उघडलं पाहिजे. आणि ज्याने त्याने आपापल्या नावानेच यायचं. ॲप बनवणारा मुलगा कधीच पुण्याला गेलाय, तेव्हा जोडणीचं काम माझ्या गळ्यात. खरं सांगू? मी खूश होते. धुळ्याच्या एका कॉलेजात मला कॉम्प्युटर शिकवायची जागा मिळाली होती. हे काम उरकायचं, चावी भाऊंच्या हातात द्यायची आणि निघायचं, असं मनात पक्कं होतं. कंपनीची नवी खाती उघडताना ज्याचा जो ईमेल होता तोच ठेवला, आणि पत्ता जुळला की माणूस ओळखायचा, असा नियम मीच ॲपमध्ये लिहिला. जुने पासवर्ड बंद केले. मग माझ्या खात्यातून पहिल्यांदा ॲप उघडलं, तर वर कोपऱ्यात तुमचं नाव. शेजारी तुमचा तो टोपीतला फोटो.

आपलेच दात, आपलेच ओठ, ओरडणार कुणावर? आता तुमच्या खात्यात शिरायची वाट जगात एकच, आणि ती मी. सकाळपासून फोन सुरू. धुळ्याचा कारकून रडकुंडीला येऊन अहिराणीवर उतरला होता. "ताई, गाडी काट्यावर उभी शे, बठ्ठं काम अडकी गयं. नानाना पासवर्ड कसाले बंद करा?" प्रत्येकाचं काम मी तुमच्या नावाने करून देत बसले. मी नोकरी सोडली तर माझं कंपनीचं खातं बंद होणार, त्याबरोबर तुमचं, आणि तिन्ही गावच्या गाड्या जागेवर. भाऊंना सांगितलं तर ते हसले. "चालतंय ना ताई? मग राहू द्या ना. आता तर तुम्हीच नाना." त्यांना ते कौतुक वाटलं. मला नाही वाटलं. घरी आईला धुळ्याच्या नोकरीचं सांगितलं, तर तिने भाजीवरची नजरही उचलली नाही. पिंपळनेरची ती, चिडली की माहेरचं बोलते. "नानानी जागा शे ती. तू उठशी तर दुसरा बसी जाई." बसू दे ना, आई, बसू दे! हे मी मोठ्याने म्हणाले नाही.

परवा दुपारी ऑफिस जेवायला गेलं होतं. मी तुमच्या नावाने आत गेले आणि एकेकाला त्याचा त्याचा अधिकार वाटून दिला. वजन दुरुस्तीचा धुळ्याच्या कारकुनाला, कटाईचा यावलला नोंदी ठेवणाऱ्या अक्कांना. सगळ्यात वरचा खुद्द भाऊंना, ज्यांनी आजवर ॲप उघडून पाहिलेलं नाही. स्वतःसाठी खातं उघडलं नाही. मग तुमच्या नावापुढचं, खातं बंद करायचं बटण दाबलं. तुमचा फोटो गेला, आणि पुन्हा शिरायला गेले तर ॲप म्हणालं, या पत्त्यावर कुणी नाही.

ऑफिसात हळहळ झाली. भाऊ दोनदा येऊन विचारून गेले, नानांचं खातं परत आणता येईल का. अक्कांनी तर यावलहून येऊन डोळ्यांना पदर लावला. मी राजीनामा दिलाय, पुढच्या महिन्यापासून धुळ्याचं कॉलेज. आईने अबोला धरलाय.

हा कागद मी कुठे टाकणार नाही. फक्त एक आहे. सगळ्यांना मी सांगितलंय की नव्या पद्धतीत ते खातं आपोआप बंद झालं. आपोआप नाही झालं, नाना. मी केलं. वाटलं होतं रडू येईल. पण मला भूक लागली, आणि मी खूप दिवसांनी पोटभर जेवले.