दारातली बॅग

आई,
कामासाठी मॉन्तेर्रेला चाललेय, शुक्रवारी संध्याकाळी परत येईन. राजमा फ्रिजमध्ये आहे, टॉर्टिया फडक्यात गुंडाळून ठेवल्यात. गुडघ्याची गोळी उपाशीपोटी घेऊ नकोस. पाण्याचा टँकर आला तर बादल्या तू उचलायच्या नाहीत, शेजारच्या डॉन एवारिस्तोंना हाक मार.

कालचं मनात ठेवू नकोस. भूकंपाचा भोंगा वाजला आणि माझा हात आपोआप दारातल्या बॅगेवर गेला. दर आठवड्याला तीच उचलून पळायची सवय. हॉटेलांत राहून राहून घरसुद्धा हॉटेलच वाटायला लागलंय बहुतेक. चौकात पोचल्यावर लक्षात आलं, तू वरच राहिलीस. तोवर डॉन एवारिस्तो तुला पाठुंगळी घेऊन खाली आलेही. "बॅग वाचली ना?" एवढंच विचारलंस आणि तेव्हापासून मिठाची गुळणी धरून बसलीयस. अगं, चार शिव्या घाल, पण बोल की!

चिठ्ठी ठेवून निघाले होते, टॅक्सी खाली थांबवून परत वर आलेय. तू झोपलीयेस की सोंग घेतलंयस, देव जाणे. मघाशी उतरताना जिन्यात डॉन एवारिस्तो भेटले. म्हणाले, "तुझी आई काल जागची हलेचना. बाथरूममध्ये दिवा होता, तू आत आहेस समजून दार बडवत होती. पोरीला घेतल्याशिवाय उतरणार नाही म्हणाली. शेवटी मीच दार ढकलून तिला रिकामं बाथरूम दाखवलं."

आई, यातलं एक अक्षर बोलली नाहीस. विचारलंस ते बॅगेचं.

यारेली